दोन प्रतिज्ञापत्रं

हवालदार आबांच्या डाव्या खांद्यात मॉर्टरच्या गोळ्याचा एक तुकडा आहे. बायकोला ते ठाऊक होतं, गावच्या न्हाव्याला ठाऊक होतं, आणि माघातली थंडी पडली की आबांनाही त्याची आठवण व्हायची. पलटणीच्या कागदांत मात्र त्या तुकड्याचा उल्लेख कुठेच नव्हता, आणि पन्नास वर्षं त्याचं कोणाला काही वाटलंही नव्हतं.

खांदा वर जाईना म्हणून नातीने त्यांना साताऱ्याला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी एमआरआय सांगितला. त्या यंत्रात माणसाला सरकवण्याआधी एक फॉर्म भरून घेतात. अंगात कुठे धातू आहे का, असं त्यात विचारलेलं असतं, कारण यंत्रातलं चुंबक इतकं जोरकस असतं की शरीरातला लोखंडी तुकडा जागचा हलू शकतो. आबा सहज म्हणाले, "आहे की. जमालपूरचा." फॉर्म भरणारा मुलगा थांबला. एमआरआय राहिला, साधा एक्स-रे निघाला, आणि खांद्याच्या हाडामागचा तो पांढरा ठिपका नातीने पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला.

परतीच्या एसटीत ती बराच वेळ गप्प होती. कोरेगाव मागे पडलं, पुसेगाव जवळ आलं, तेव्हा तिने विचारलं, "आबा, लढाईत जखमी झालेल्यांना वेगळं मेडल असतं ना? तुमच्याकडं का नाही?"

मेडलं आबांकडे होती. पूर्व आघाडीवर लढलेल्यांचा पूर्वी स्टार होता, संग्राम मेडल होतं, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं आणि नऊ वर्षांच्या सेवेचंही होतं. प्रजासत्ताक दिनी शाळेच्या झेंडावंदनाला ती सगळी काळ्या कोटावर लावून ते जात. पराक्रम पदक, ज्याला पलटणीत सगळे वूंड मेडल म्हणतात, ते 1973 साली सुरू झालं. शत्रूच्या थेट कारवाईत जखमी झालेल्या सैनिकासाठी ते असतं. शौर्यपदकांत ते मोडत नाही. या माणसाने देशासाठी अंगावर घाव घेतला, एवढंच ते सांगतं. त्याला दोन गोष्टी लागतात, जखम आणि तिची नोंद. आबांची जखम होती. नोंद नव्हती.

त्याचं कारण समजायला जमालपूरला जावं लागेल.

पहिली मराठा लाइट इन्फंट्री म्हणजे जंगी पलटण. डिसेंबर 1971 मध्ये ती ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांच्या 95 माउंटन ब्रिगेडमध्ये होती आणि मेघालयाच्या बाजूने पूर्व पाकिस्तानात उतरली होती. कमांडिंग ऑफिसर होते लेफ्टनंट कर्नल के. एस. ब्रार. कमालपूर, बक्षीगंज करत फौज ब्रह्मपुत्रेपाशी आली. पलीकडे जमालपुरात पाकिस्तानची 31 बलुच पलटण पक्के मोर्चे बांधून बसली होती. मराठ्यांनी नदी ओलांडली, वळसा घातला आणि गावाच्या दक्षिणेला जाऊन टांगाइलमार्गे ढाक्याला जाणारा रस्ताच अडवून धरला. आता बलुचांना मागे सरकायला वाट उरली नाही. 9 डिसेंबरला क्लेर यांनी शरण येण्याविषयीची चिठ्ठी आत पाठवली. उत्तर म्हणून बंदुकीची एक गोळी आली, कागदात गुंडाळून. सोबतच्या मजकुराचा आशय असा होता की लेखणी फार चालवलीत, पुढच्या भेटीला स्टेनगन घेऊन या.

10 डिसेंबरच्या रात्री बलुच पलटण गावातून बाहेर पडली, ती थेट मराठ्यांच्या मोर्च्यांवर. रस्ता फोडून ढाक्याकडे निसटायचं, एवढंच त्यांना करायचं होतं. एक हल्ला परतवला की दुसरा यायचा. अंधारात हाकेच्या अंतरावर माणसं येत होती, दोन्हीकडून मॉर्टर चालले होते, आणि मधूनच शिवाजी महाराजांच्या नावाचा जयघोष उठत होता. पहाटेपर्यंत हे चाललं. रस्ता काही फुटला नाही. बलुचांची फार मोठी मनुष्यहानी झाली, आणि 11 तारखेला जमालपूरने शस्त्रं खाली ठेवली.

आबा तेव्हा एकवीस वर्षांचे शिपाई. उजवीकडच्या खंदकात त्यांच्या सेक्शनचा लान्स नाईक होता, मालवणकडचा. आबा त्याला उस्ताद म्हणायचे आणि तो यांना सातारकर. मध्यरात्रीनंतर केव्हातरी आबांच्या खंदकामागे गोळा फुटला. खांद्यावर कोणी धोंडा हाणल्यासारखं झालं, एवढंच त्यांना आठवतं. बाही ओली झाली. शेजारचा जोडीदार आधीच पडला होता. आबांनी उजव्या हाताने मॅगझिन बदलली आणि ते तिथेच राहिले.

उजाडता उजाडता नर्सिंग असिस्टंट खंदकाखंदकांतून फिरत आला. कात्रीने बाही कापली, फील्ड ड्रेसिंग आवळून बांधलं आणि म्हणाला, मागं चल, आत तुकडा राहिलाय. आबांनी मान हलवली. सेक्शनमधले तिघे आधीच गेले होते, आता आपण उठलो तर खंदक रिकामा पडेल, असं त्यांना वाटलं. नर्सिंग असिस्टंटकडे वाद घालायला वेळ नव्हता. पलीकडे पोटात गोळी लागलेला एक जण कण्हत होता. "बरं, नाव नंतर लिहितो," म्हणून तो गेला. दुपारी पलटण हलली. टांगाइलच्या बाजूला पुंगलीच्या पुलापाशी छत्रीने उतरलेल्या दुसऱ्या पॅरा पलटणीशी त्यांची गाठ पडली. ही पॅरा पलटण मूळची तिसरी मराठाच, त्यामुळे तिथे ओळखीची भाषा कानावर आली. मग ढाका, मग 16 डिसेंबर. एवढ्या धावपळीत खांद्याची जखम वरून भरून आली. नाव लिहायचं राहून गेलं.

लढाईतल्या जखमेचा कागद कसा तयार होतो, हे वाचकांनी समजून घ्यावं. जखमी मागे नेला की त्याच्या गळ्यात फील्ड मेडिकल कार्ड अडकवतात. ड्रेसिंग स्टेशनात नोंद होते, इस्पितळात भरती होते, पलटणीकडून बॅटल कॅज्युअल्टीचा रिपोर्ट जातो, पार्ट टू ऑर्डर निघते आणि शेवटी त्याच्या सेवापुस्तकात ओळ पडते. ही साखळी सुरू होते ती मागे नेल्यापासून. म्हणजे जखमी होऊनही ज्याने जागा सोडली नाही, नेमका तोच कागदावर येत नाही. मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत जास्त लागणारी गोष्ट हीच आहे. आणि ती आपल्याकडचीच आहे असंही नाही. कोरियाच्या युद्धात 1951 साली मांडीत मॉर्टरचा तुकडा घुसलेल्या, अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या एका सैनिकाला पर्पल हार्ट मिळालं ते 2024 मध्ये, वयाच्या 96 व्या वर्षी. त्याला पट्टी बांधणारा वैद्यकीय सैनिक कागद करण्याआधीच लढाईत पडला असावा, असं त्याचं म्हणणं होतं.

ही बातमी नातीने आबांना मोबाइलवर वाचून दाखवली. वर आपल्या सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांचा दाखला दिला. 1965 च्या युद्धात सियालकोट आघाडीवर गोळ्या लागून अपंगत्व आलेला हा जवान 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक घेऊन आला, आणि त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला तो जानेवारी 2025 मध्ये. "त्यांनी मागितलं म्हणून मिळालं, आबा. तुम्ही मागितलंच नाही."

आबांना हे मागणं जड जात होतं. मागणारा म्हणजे लाचार, असं त्यांच्या पिढीचं मत. पण मागच्याच आठवड्यात पारावर कोणीतरी बोलून गेलं होतं, लढाईत लागलं असतं तर सरकारनं मेडल दिलं नसतं का, शिकारीत बिकारीत लागलं असंल. ते वाक्य त्यांच्या आत रुतून बसलं होतं. त्यांनी अर्ज केला.

उत्तर रीतसर आलं. आपल्या सेवा-कागदपत्रांत 1971 च्या कारवाईत जखम झाल्याची नोंद आढळत नाही. त्या वेळचा वैद्यकीय कागद किंवा प्रत्यक्ष पाहणाऱ्याचं प्रतिज्ञापत्र असल्यास जोडावं. आबा संतापले. "खांद्यात लोखंड आहे, ते दिसत नाही का यांना?" मला विचाराल तर त्या पत्रात गैर काही नव्हतं. एक्स-रे लोखंड दाखवतो, ते कोणत्या रात्री आत गेलं हे दाखवत नाही. ते सांगायला माणूस लागतो.

माणूस सापडला तो मराठा दिनामुळे. तानाजीने सिंहगड घेतला तो 4 फेब्रुवारी हा मराठा लाइट इन्फंट्रीचा रेजिमेंटल डे. त्या दिवशी जुन्या सैनिकांचे फोटो एकमेकांच्या मोबाइलवर फिरतात. तशाच एका फोटोत, काठी टेकून उभ्या असलेल्या म्हाताऱ्याचे कान आबांनी ओळखले. चार फोन झाले आणि पलीकडून आवाज आला, "सातारकर? अरे, जिवंत आसंस?"

उस्ताद ऐंशीला टेकले होते. मुलगा नको म्हणत असताना ते एसटीने आले. स्टँडवर आबा घ्यायला गेले, पण गाडी वेळेआधी आली होती आणि उस्ताद बीडकर मामाच्या टपरीवर चहा घेत बसले होते. बीडकर मामा हे गावाने ठेवलेलं नाव. बीडकडून ऊसतोडीला आलेला हा माणूस इथेच राहिला. त्याचा डावा पाय घोट्यापासून वाकडा, चालताना तो फरपटत नेतो. उस्तादांनी परक्या माणसाच्या मोकळेपणाने विचारलं होतं, पायाला काय झालं. मामाने सांगितलं होतं, कारखान्यावर उसाच्या गाडीखाली आला. आबा पोचले तेव्हा दोघं गप्प होते.

घरी जेवणं झाली. खोलीत तालुक्याहून करून आणलेला मसुदा तयार होता. कचेरीबाहेर दाखले करून देणाऱ्या एकाने तो टाइप केला होता. त्यात लिहिलं होतं की मी शेजारी असताना माझ्या डोळ्यांदेखत शत्रूचा गोळा पडून सदर जवान जखमी झाला. खाली सहीची जागा.

उस्तादांनी चष्मा पुसला, कागद दोनदा वाचला.

"ह्यां 'डोळ्यांदेखत' खंयसून इलां?"

"तसंच लिहावं लागतं म्हणाला तो," आबा म्हणाले. "प्रत्यक्ष पाहणारा पाहिजे त्यांना."

"काळोख होतो. तू तुझ्या खंदकात, मी माझ्या. मी पट्टी बघलंय. गोळो पडताना बघूक नाय. जां बघूक नाय, तां मी लिवचंय नाय."

आबांचा चेहरा उतरला. "उस्ताद, खोटं का आहे त्यात? गोळा पडला हे तर खरं ना?"

"तुझ्यासाठी खरां. मी सांगलंय तर खोटां." मग ते पलटणीतल्या, सगळ्यांना कळणाऱ्या भाषेवर आले. "संध्याकाळी आपण एका डब्यात खाल्लं तेव्हा तुझा खांदा धड होता. रात्री तुझ्या बाजूला मॉर्टर पडले, ते मी ऐकले. सकाळी तुझी बाही कापलेली होती, पट्टी रक्ताने भिजलेली होती, आणि नर्सिंग असिस्टंट तुला मागे चल म्हणत होता, ते मी पाहिलं, ऐकलं. एवढं मी कुठल्याही कोर्टात सांगेन. एक शब्द जास्त सांगणार नाही."

नात मध्ये पडली. एवढ्या लांबून आलात, एका शब्दासाठी अडवू नका, म्हणाली. म्हाताऱ्याने तिच्याकडे मायेने पाहिलं. "बाय, त्या रात्री आमच्यातले जे मेले, त्यांची नावं पलटणीच्या दगडावर आहेत. ती खरी आहेत असं लोक का मानतात? कोणी वाढवून लिहिलं नाही म्हणून. आज मी एक ओळ वाढवली तर उद्या त्या दगडावरही कोणी बोट ठेवील."

टाइप केलेला कागद बाजूला पडला. उस्तादांनी पांढऱ्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहिलं. अक्षर थरथरत होतं, पण ओळी सरळ होत्या.

रात्री दोघं ओसरीवर पडले. झोप कोणालाच नव्हती. कमालपूरच्या चिखलाच्या, जिलेबीच्या एका जुन्या पैजेच्या गोष्टी झाल्या. मग उस्तादांनी विचारलं, "सातारकर, पलटणीतून आल्यावर तू कारखान्यावर होतास ना?"

"वॉच अँड वॉर्डमध्ये. गेटवर. बावीस वर्षं."

"त्या चहावाल्याचो पाय गेलो तेव्हा गेटवर कोण होता?"

आबा उठून बसले. उत्तर द्यायला त्यांना फार वेळ लागला.

जानेवारी 1997. गळीत हंगाम जोरात, काट्यासमोर ट्रकांची आणि बैलगाड्यांची रांग. रात्री अकराच्या सुमारास उतारावर एका टायरगाडीचा बैल बुजला, गाडी मागे आली आणि मागच्या गाडीचं जू सोडवायला वाकलेल्या तरुण तोडकऱ्याचा पाय चाकाखाली गेला. जागा वजनकाट्याच्या अलीकडे, गेटच्या आत. आबांनी स्वतः त्याला उचलून जीपमध्ये घातलं. मग ते केबिनमध्ये येऊन गेटबुक उघडून बसले. त्यात अपघाताचा रकाना होता, वेळ, जागा, नाव. पेन हातात असताना वरचा एक माणूस आला आणि म्हणाला, "आता लिहू नका. आत की बाहेर ते ठरवून सांगतो." आबांनी एक ओळ मोकळी सोडली. सकाळी ड्यूटी संपली. ती ओळ मोकळीच राहिली. कोणी काही ठरवून सांगितलं नाही, आणि आबांनी विचारलंही नाही. दवाखान्याचा खर्च मुकादमाने केला आणि उचलीत चढवला. पाय वाकडा बसल्यावर तो माणूस कोयता धरण्याच्या कामाचा राहिला नाही. अंगावरची उचल फिटेना, म्हणून गावाकडे तोंड दाखवायची सोय नाही. त्याने इथेच टपरी टाकली. तेव्हापासून आबा त्याच्याकडे रोज चहा पितात आणि पैसे नेहमी थोडे जास्त ठेवतात.

हे सगळं आबांनी अंधारात सांगितलं. उस्तादांनी दोष दिला नाही, उपदेशही केला नाही. एवढंच म्हणाले, "तुझो नर्सिंग असिस्टंट नंतर लिवतो म्हणान गेलो, तेच्या समोर माणूस मरत होतो. तुझ्यासमोर कोण मरत होतो?"

मी ही गोष्ट ज्यांना ज्यांना सांगितली, त्यांपैकी पुष्कळांचं म्हणणं पडलं की उस्तादांनी हे बोलायला नको होतं. पाहुणा म्हणून आलेला माणूस, त्यातून आबांचं वय. मला तसं वाटत नाही. ज्याच्याबरोबर एका खंदकाच्या अंतरावर रात्र काढली, त्याने नाही बोलायचं तर कोणी बोलायचं?

सकाळी आबा टपरीवर गेले. चहा घेतला नाही. उभ्यानेच म्हणाले, "मामा, तुझ्या पायाचं मी वहीत लिहिलं नव्हतं. लिहिणं माझं काम होतं."

मामाने स्टोव्ह बारीक केला. "मला ठावं हाय, आबा. मी चौकशीला आलतो ना तवा. वहीत काहीच न्हाई म्हणाले." थोडं थांबून तो म्हणाला, "पैशाचं जाऊ द्या. मुकादमानं टोळीत सांगितलं, पिऊन पडला म्हणून. म्या कधी थेंब घेतला न्हाई. माझ्या लेकानं मोठा झाल्यावर इचारलं, बा, तू पिऊन गाडीखाली गेलतास का? वहीत लिहिलेलं असतं तर दाखवलं असतं त्याला."

आबांना त्या क्षणी पारावरचं ते वाक्य आठवलं असेल का, मला माहीत नाही. ते काही बोलले नाहीत. घरी आले, नातीला कागद आणायला सांगितलं आणि दार लोटून घेतलं.

त्यांच्या प्रतिज्ञापत्राचा मजकूर नातीने मला दाखवला. त्यात आडपडदा नाही. त्या रात्री मी गेटवर ड्यूटीवर होतो. अपघात गेटच्या आत, वजनकाट्याच्या अलीकडे झाला. बैल बुजल्याने गाडी मागे आली, हे मी पाहिलं. चाक पायावरून गेलं तो क्षण मी पाहिला नाही. ओरडणं ऐकून धावलो तेव्हा पाय चाकाखाली होता. मी त्याला उचललं, त्याच्या तोंडाला दारूचा वास नव्हता. गेटबुकात मी नोंद केली नाही. ती करणं माझं कर्तव्य होतं. ही शेवटची दोन वाक्यं वकिलाने काढायला सांगितली होती. यातून तुमच्यावरच बोट येईल, म्हणाले. आबांनी ती ठेवली.

वकील तालुक्याचे, कामगारांची कामं करणारे. त्यांनी आशा फुगवली नाही. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्यात दाव्याची मुदत दोन वर्षांची होती. उशिराला पुरेसं कारण असेल तर तो माफ करण्याचा अधिकार आयुक्ताला होता. कंत्राटदारामार्फत आलेल्या मजुराची जबाबदारीही मूळ मालकावर येऊ शकत होती. पण पंचवीस वर्षांहून जुन्या गोष्टीत समोरचा माणूस आधी पुरावा मागणार, आणि आजवर पुरावा नव्हता. आता एक होता. मामाच्या मुलाला पुण्याहून बोलावून घेतलं. तो कंपनीत कामाला आहे. त्याने आबांचा कागद उभ्याउभ्या वाचला, दारूच्या वासाच्या ओळीपाशी थांबला, ती परत वाचली, आणि मग बापाच्या शेजारी जाऊन बसला.

उस्ताद तिसऱ्या दिवशी परतले. जाताना आबांनी विचारलं, "तुमच्या कागदानं होईल ना माझं काम?"

"ठाऊक नाय," ते म्हणाले. "खरां लिवलंय, इतक्यां ठाऊक."

दोन्ही कागद एकाच दिवशी निघाले. एक रजिस्टर्ड पोस्टाने बेळगावला, रेकॉर्ड ऑफिसकडे, सोबत एक्स-रेची प्रत. दुसरा वकिलांकडे. पोस्टात रांगेत उभ्या असलेल्या नातीला आबांनी बजावलं होतं, मामाचा कागद वकिलांच्या हातात आधी दे, माझा मागाहून टाकला तरी चालेल. तिने तसंच केलं.

बेळगावहून पोच आली आहे, निर्णय यायचा आहे. मामाच्या दाव्यात कारखान्याला नोटीस निघाली आणि पुढची तारीख पडली आहे. उस्ताद या पावसाळ्यात गेले. त्यांचं प्रतिज्ञापत्र मागे राहिलं, त्यांच्या अक्षरात.

1971 मध्ये विशीत असलेला जवान आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे, 1965 चा त्याहून पुढे. तुमच्या घरात, भावकीत, गल्लीत असा कोणी असेल तर त्याचं डिस्चार्ज बुक एकदा उघडून बघा. अंगावर घाव आहे आणि पुस्तकात ओळ नाही, असं आढळलं तर तेव्हा शेजारी कोण होतं हे त्याला विचारा, आणि त्या माणसाकडे याच महिन्यात जा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज कसा करायचा ते सांगतात. साक्षीदाराला मात्र आपणच शोधावं लागतं, आणि त्याने जेवढं पाहिलं असेल तेवढंच त्याच्याकडून लिहून घ्या.